दांडा, दिवा आणि मधली भिंत

शाळेतल्या लहान मुलांना ‘वीज कोठून येते?’ असे विचारले असता जी उत्तरे मिळतात, ती ऐकून हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे हे बरे. कोणी म्हणते बटणातून, कोणी म्हणते जिन्याखालच्या मीटरमधून, कोणी रस्त्यावरच्या खांबाकडे बोट दाखविते. आणि वादळात तुटलेली तार जोडायला शिडी घेऊन आलेला वायरमन ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, असे एखादे चौकस मूल मोठ्या विश्वासाने सांगते की वीज वायरमनकाका सोडतात. यात मुलांचा दोष नाही. असलाच तर तो आपल्या बोलण्यात आहे. आपल्या घरांत लाइट ‘येते’ आणि लाइट ‘जाते’, जणू काही ती मुक्कामाला आलेली लहरी पाहुणी असावी. धान्य पिकते, दूध काढले जाते, कापड विणले जाते, गूळ रटरटून तयार होतो. वीज मात्र नुसती येते. ज्या वस्तूच्या क्रियापदात कष्टांचा मागमूसही नाही, तिची निपज कशी होते हा प्रश्न मुलाला पडावा तरी कसा?

माझ्यापुरता हा प्रश्न सायकलीने सोडविला होता. त्या काळी सायकलीच्या चाकाशेजारी बाटलीच्या आकाराचा एक डायनामो बसविलेला असे, आणि अंधार पडला की त्याची दातेरी टोपी टायरला टेकवावी लागे. टेकवताच ‘घुर्र’ असा आवाज सुरू होई, समोरच्या दिव्यात तांबूस उजेड येई, उतारावर तो पांढराशुभ्र होई, चढावर केविलवाणा होई, आणि चौकात पोलिसाने हात दाखवून थांबविले की नेमका त्याच क्षणी पार विझून जाई. मग बिनदिव्याची सायकल चालविल्याचा गुन्हा आपण केलेला नाही हे शाबीत करण्यासाठी पुढचे चाक हाताने उचलून गरगरा फिरवून दाखवावे लागे. परंतु या सगळ्याहून अधिक लक्षात राहिली आहे ती एक वेगळीच गोष्ट : डायनामो टेकवला की सायकल जड होई. फार नव्हे, थोडीच. पण दिवसभर दमलेल्या पोटऱ्यांना ती बरोबर कळे. दिव्याचा उजेड आपल्या पायांतून जातो आहे हे ज्ञान मला कोणत्याही क्रमिक पुस्तकाने दिले नाही. ते पोटऱ्यांनी दिले आणि मेंदूने पुढे काही वर्षांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

विजेच्या इतिहासात या ज्ञानाला मुकलेल्या एका सज्जनाची कथा आहे, आणि मुलांना वीज कशी शिकवावी याचा विचार करू लागलो की मला ती हटकून आठवते. जिनिव्हा येथील झाँ-दानिएल कोलादाँ हा तरुण पदार्थविज्ञानी १८२५ साली असा प्रयोग करीत होता की, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक नेला असता तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो काय. प्रवाह आहे किंवा नाही हे सांगणारे गॅल्व्हानोमीटर नावाचे नाजूक यंत्र त्याने तारेच्या टोकांना जोडले होते. परंतु मनुष्य अतिशय काटेकोर असल्याकारणाने त्याला अशी धास्ती वाटली की, चुंबक जवळ असल्यामुळे यंत्राची सुई उगीचच हलेल आणि आपण फसू. म्हणून त्याने लांब तारा ओढून ते यंत्र शेजारच्या दालनात नेऊन ठेविले. इकडे वेटोळ्याशी चुंबक न्यायचा, मग चालत जाऊन तिकडे सुई पाहायची, असा त्याचा क्रम चालला. सुई प्रत्येक वेळी जागच्या जागी स्थिर! चुंबक हलत असतो तेवढाच वेळ प्रवाह वाहतो आणि तो थांबला की प्रवाहही थांबतो, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाईपर्यंत सुई डोलून परत निजलेली असे. दोन दालनांमधील एका भिंतीपायी शतकातला एक थोर शोध त्या बिचाऱ्याच्या हातून निसटला.

तो सहा वर्षांनी लंडनमध्ये मायकेल फॅरडेच्या हाती लागला. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांचा आपला विख्यात प्रयोग केला, आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबर रोजी साडेआठ इंच लांबीचा एक चुंबकदंड तारेच्या पोकळ वेटोळ्यात झटक्याने खुपसून पाहिला. सुई हलली. दंड बाहेर काढला. सुई उलट्या बाजूस हलली. दंड आत नुसता ठेवून दिला. सुई स्वस्थ बसली. चुंबकाचे असणे नव्हे, तर त्याचे हलणे वीज जन्माला घालते, हे त्या दिवशी निश्चित झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने एका प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड वाहणारा प्रवाहही मिळविला, आणि पुढल्याच वर्षी पॅरिस येथे हिप्पोलीत पिक्सी याने दांडा फिरवून चालणारे जनित्र बांधून दाखविले. म्हणजे हाताने फिरवावयाचा तो दांडा, जो आज संग्रहालयांतील मुलांचे खेळणे झाला आहे, तो या विद्येच्या बारशालाच हजर होता. फॅरडेचे ते मूळचे लोखंडी कडे लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही पाहावयास मिळते. आणि त्याच वास्तूत नाताळाच्या सुटीत मुलांसाठी व्याख्यानमाला भरविण्याचा जो शिरस्ता १८२५ पासून पडला, त्यातील एकोणीस माला एकट्या फॅरडेने गुंफल्या. मोठा शोध लावणारा मनुष्य मुलांपुढे उभे राहणे कमीपणाचे मानीत नव्हता, ही गोष्ट आमच्याकडील काही विद्वानांच्या कानांवर घालण्यासारखी आहे.

आता आपल्या घराकडे पाहा. कोलादाँने मधे एकच भिंत ठेविली होती. आपण सबंध सह्याद्री ठेविला आहे. चुंबक फिरतो तो पोफळीला, कोयनेच्या वीजकेंद्रात, जमिनीच्या पोटातील एका दालनात, आणि दिवा लागतो तो गिरगावातल्या माडीवर. कारण एकीकडे आणि कार्य दुसरीकडे. आणि दोहोंमध्ये जाऊन-येऊन पाहण्याची तर सोयच नाही. म्हणून मुलाच्या बुद्धीला जे जवळचे दिसते त्यालाच, म्हणजे भिंतीवरल्या बटणाला, मूल कर्तेपण देऊन मोकळे होते. विज्ञानाच्या संग्रहालयाने करावयाचे काम माझ्या मते मुख्यतः एवढेच आहे की, ही मधली भिंत पाडावी, आणि दांडा व दिवा मुलाच्या एकाच नजरेच्या टप्प्यात आणून ठेवावे.

ही कल्पना सर्वांत आधी ज्यांना उमगली त्यांमध्ये जर्मनीच्या ऑस्कर फॉन मिलर याची गणना करावी लागेल. हा गृहस्थ स्वतः विद्युत् अभियंता होता. १८८२ साली म्युनिक येथे भरविलेल्या विद्युत्प्रदर्शनासाठी त्याने मार्सेल देप्रे या फ्रेंच अभियंत्याच्या साह्याने मीसबाख गावी एका वाफेच्या एंजिनावर निर्माण केलेली वीज तारायंत्राच्या साध्या तारेवरून ५७ किलोमीटर दूर म्युनिकला आणली, आणि तेथे तिच्याकडून पंप चालवून एक लहानसा कृत्रिम धबधबा कोसळता ठेविला. पुष्कळशी वीज वाटेतच गळून गेली, हे खरे; परंतु प्रेक्षकांना आकडे नव्हे, तर धबधबा दिसला. पुढे १९०३ साली त्याने म्युनिकच्या जर्मन संग्रहालयाचा पाया घातला आणि ७ मे १९२५ रोजी, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याची भव्य इमारत लोकांना खुली केली. तोवर संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांची फौज आणि ‘हात लावू नये’ अशा पाट्यांचा बंदोबस्त, ही जी समजूत होती तिला मिलरने सुरुंग लावला. त्याच्या दालनांत प्रेक्षकाला दांडे फिरविण्याची, कळ दाबण्याची, यंत्रे चालवून पाहण्याची मुभा होती.

आपल्याकडे ही परंपरा स्वातंत्र्यानंतर रुजली. कलकत्त्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये उघडले. बंगळूरचे विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६५ मध्ये लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचे पहिले आणि एकमेव दालन होते विजेचेच. ज्यांचे नाव त्याला दिले ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर आपली स्वयंचलित दारे बसविलेले, तेव्हा त्या संग्रहालयाशी आपलेही थोडे नाते लागते. मुंबईत वरळीला १९७९ साली, बालकांच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, मुलांसाठी विज्ञान उद्यान झाले आणि १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र; नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ चे. इमारतींचा इतिहास एवढा पुरे. इमारतीत मुलाच्या हाताला काय लागते, ते पाहू.

अशाच एका केंद्रात मी एकदा सकाळचे दोन तास काढले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील सहावीचा वर्ग आला होता. एका मेजावर जाडजूड लोखंडी दांडा, त्याला जोडलेले पारदर्शक आवरणातले जनित्र, आत तांब्याच्या तारेची चमकदार वेटोळी, आणि समोर फळीवर ओळीने चार दिवे, प्रत्येकाला स्वतंत्र बटण. दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे झाली आणि दांडा फिरवू लागली. सारी बटणे बंद होती, त्यामुळे दांडा भिंगरीसारखा फिरला, आणि तिच्या चेहऱ्यावर ‘एवढेच ना?’ असा भाव उमटला. इतक्यात पलीकडच्या एका व्रात्य मुलाने एकापाठोपाठ एक बटणे टाकावयास आरंभ केला. पहिला दिवा लागला. दांड्याची गती किंचित मंदावली. दुसरा लागला, मुलीने दुसरा हातही दांड्याला लावला. तिसऱ्याला ती पाय रोवून उभी राहिली, आणि चौथ्याला तर ओरडलीच, ‘‘अगं, आतून कुणीतरी धरलंय!’’

बरोबरच्या बाई लगबगीने पुढे सरसावल्या आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. परंतु तेथील तरुण मार्गदर्शकाने नम्रपणे ‘‘बाई, जरा थांबा,’’ असे म्हणून मुलांकडे वळून विचारले, ‘‘कोण धरतंय, ते शोधू या का?’’ मला तो तरुण फार आवडला. मग मुलांनी पाळीपाळीने दांडा धरला, बटणे चालू-बंद केली, डोळे मिटून केवळ हाताच्या अंदाजाने ‘आता दोन’, ‘आता चार’ असे ओळखण्याचा खेळ आपोआप सुरू झाला, आणि सुमारे पाव तासाने एका किरकोळ मुलाने निष्कर्ष काढला की दिवेच मागे ओढतात. शास्त्रीय भाषेत हे अगदी अचूक नाही. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की ते वेटोळे स्वतःच चुंबक बनते, आणि ज्या गतीने त्याला जन्म दिला तिलाच विरोध करू लागते. हा नियम सेंट पीटर्सबर्ग येथे हाइनरिख लेंत्स याने १८३४ साली मांडला. दिवे जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. प्रवाह अधिक, तितकी ती आतली धरपकड घट्ट. परंतु ‘दिवे मागे ओढतात’ ही त्या मुलाची भाषा सत्याच्या इतकी जवळची होती की, ती दुरुस्त करण्याची घाई मार्गदर्शकाने केली नाही.

त्या चार दिव्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ते जुन्या पद्धतीचे, आत तापून लाल होणारी तार असलेले दिवे होते. काटकसरीच्या हेतूने अनेक ठिकाणी आता त्यांच्या जागी एलईडीचे दिवे बसविले जातात, आणि त्यांना वीज इतकी थोडी पुरते की दांडा फिरविणाऱ्या हाताला काही जाणवतच नाही; उजेड मिळतो, परंतु धडा हरवतो. शहाणा संग्रहालयवाला दोन्ही दिवे शेजारीशेजारी ठेवील. मग तोच हात एका बटणावर दमेल आणि दुसऱ्यावर हुंदडेल, आणि विजेची बचत म्हणजे काय हे भिंतीवरील घोषवाक्याशिवाय कळेल.

हाताच्या या जमाखर्चाला थोडे गणित जोडले की मोठी माणसेही चपापतात. महिन्याच्या बिलावर जे ‘युनिट’ लिहिलेले असते, ते म्हणजे एक हजार वॅटचा भार एक तास चालविणे. साठ किलो वजनाच्या माणसाने एवढे काम केवळ चढून करावयाचे ठरविले तर त्याला सुमारे ६,१०० मीटर उंची चढावी लागेल, म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत, १,६४६ मीटर, जवळजवळ पावणेचार वेळा. तेही असे गृहीत धरून, की अंगातील श्रमाचा एक कणही वाया गेला नाही. एवढी मजुरी आपण एक-दोन कप चहाच्या किमतीत विकत घेतो आणि पंखा चालू ठेवून बाहेर जातो. ज्या मुलाने दांडा फिरविला आहे त्याला हे गणित गोष्टीसारखे वाटते. ज्याने फिरविला नाही त्याला ते गणितच वाटते.

म्हणूनच संग्रहालयांतील बटणांवर माझा राग आहे. एका शहरात मी असे एक विद्युत्दालन पाहिले की, जेथे काचेआड जलविद्युत् केंद्राची सुबक प्रतिकृती होती, निळ्या रंगाचे पाणी होते, आणि पुढे एक हिरवे बटण. ते दाबले की पाण्यात लुकलुक होऊन प्रतिकृतीतल्या घरांत दिवे लागत. मुले येत, बटण दाबीत, दिवे लागलेले पाहण्यासही न थांबता पुढचे बटण दाबावयास धावत. घरी जी भूल पडली होती, तीच येथे सरकारी खर्चाने पक्की केली जात होती! त्याच दालनात कोपऱ्यात हाताने फिरवावयाचे एक जनित्रही होते, परंतु त्याचा दांडा निखळलेला आणि त्यावर ‘बंद आहे’ अशी, रंग उडाल्यावरून बरीच जुनी दिसणारी, पाटी. मुलांचे हात लागणारी वस्तू मोडणारच. दुरुस्तीचा कारागीर तैनात ठेवण्याची तजवीज अंदाजपत्रकात नसेल, तर हात लावण्याचे संग्रहालय काढूच नये.

दांड्यानंतरची पायरी म्हणजे मुलाने जनित्र स्वतः बनविणे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. प्लॅस्टिकच्या नळीचा वीतभर तुकडा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली इनॅमलची बारीक तांब्याची तार, नळीत सैल सरकतील असे जोरकस लहान चुंबक, आणि एक एलईडी. नळीच्या मध्यावर तारेचे काही शे वेढे घालावयाचे, टोके एलईडीला जोडावयाची, दोन्ही तोंडे बंद करून नळी खुळखुळ्यासारखी हलवावयाची. दहांपैकी सात मुलांचा दिवा पहिल्या खेपेस लागत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि कारण बहुधा एकच : तारेच्या टोकांवरचे इनॅमल पॉलिशपेपरने खरवडलेले नसते. तांबे उघडे दिसते आहे असे वाटते, परंतु त्यावर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, आणि वीज तेथे अडते. हा शोध ज्याचा त्याने लावावा. सांगून टाकू नये. दिवा लागला की मग दुसरा एलईडी उलट जोडून द्यावा. अंधाऱ्या खोलीत दोघे आळीपाळीने लुकलुकू लागतात, एक चुंबक वेटोळ्यात शिरताना, एक बाहेर पडताना. आणि घरातल्या विजेला ‘उलटसुलट वाहणारी’ का म्हणतात हे कोणी न सांगता दिसते. खुळखुळा सेकंदास दोन-तीन वेळा हलतो; घरची वीज सेकंदास पन्नास वेळा उलटसुलट होते. औष्णिक केंद्रातील मोठ्या जनित्राचा आस त्याकरिता मिनिटास ३,००० फेरे घेत असतो. हे सांगितले की मुले आपल्या दमलेल्या मनगटांकडे पाहतात.

मग प्रश्न उरतो एवढाच की आस फिरवावा कोणी. याचे उत्तर ऐकून मुलांची थोडी निराशा होते, असे मी पाहिले आहे. कोराडीत किंवा चंद्रपुरात कोळसा जाळून पाणी उकळावयाचे आणि वाफेने चक्र फिरवावयाचे. आणि १९६९ पासून चालू असलेल्या तारापुरात, जेथे अणू फोडला जातो, तेथेही अखेरीस करावयाचे काय, तर पाणीच उकळावयाचे! अणूतून वीज ठिणगीसारखी बाहेर उडत असेल, अशी मुलांची कल्पना असते. तो इतका प्रचंड खटाटोप चहाच्या आधणासारखा निघावा, हे त्यांना पटत नाही. वाऱ्याची पाती, धरणाचे पाणी, कोळसा, अणू, हे सारे दांडा फिरविणारे निरनिराळे हात. सूर्यप्रकाशाच्या काळ्या पट्ट्या तेवढ्या या जातीबाहेरच्या. त्यांत काहीच फिरत नाही, आणि म्हणून त्यांची कथा निराळ्या प्रकरणात यावयास हवी.

पाण्याच्या बाबतीत प्रतिकृतींमध्ये एक गोष्ट नेहमी वगळलेली असते. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. भिऱ्याला पाणी पुरविणाऱ्या मुळशीच्या धरणाखाली मावळ्यांची गावे आणि भाताची खाचरे गेली, आणि त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह चालविला. निळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या पाण्याखाली ती खाचरेही दाखवावीत, असे मला वाटते. दांडा जड होतो तो केवळ वेटोळ्यामुळेच नव्हे, हे मुलांना लवकर कळले तरी बिघडत नाही.

त्या सहावीच्या वर्गाकडे परत येतो. मुले बाहेर पडत असता, बटणे टाकणारा तो व्रात्य मुलगा मागे रेंगाळला आणि मार्गदर्शकाला म्हणाला, ‘‘दादा, मग आम्ही घरी पंखा लावला, की तिकडं कोयनेत पण जड होतं का?’’ मार्गदर्शकाने त्याला भिंतीवरच्या नकाशापाशी नेले. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेऊन सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडले आहे. १९६२ पासून तेथील चक्रे फिरत आहेत, आणि संध्याकाळी गावोगावी दिवे लागू लागले की त्यांना अधिक काम पडते. एका पंख्याने फरक पडतो, पण तो कोणास दिसण्यासारखा नसतो. लाखो घरांनी एकाच वेळी बटणे टाकली की मात्र आसाचा वेग कणभर घटू पाहतो, तो घटताच नियंत्रक यंत्र तोटीचे तोंड थोडे अधिक उघडते, आणि चक्रावर आदळणारा पाण्याचा झोत जाड होतो. मुलगा नकाशावरील निळी रेघ बोटाने चाचपीत होता. बाहेर बसचा भोंगा वाजला. ‘‘म्हणजे तिथं पाणी जास्त सोडायला लागतं,’’ असे स्वतःशीच पुटपुटत तो दाराकडे पळाला, आणि जाता जाता त्याने त्या मेजावरची चारही बटणे बंद केली.